आघाडी एप्रिलमध्ये, मतदान ऑगस्टमध्ये: अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्र मंडळांच्या कार्यकारिणी आणि सर्व सभासद

सप्रेम नमस्कार.

2018 सालचा एप्रिल होता. पाडवा होऊन काही आठवडे उलटले होते, पण शाळेचा हॉल मिळेल तो शनिवार आपला सण, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. डेट्रॉइटच्या उपनगरातल्या त्या हॉलमध्ये जेवणाच्या रांगेत उभी होते, तेव्हा पुढच्या गृहस्थांनी मागे वळून फोन दाखवला. मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, ऑगस्टमध्ये व्हायची होती आणि एका जनमत चाचणीत पहिलं नाव होतं श्री ठाणेदार यांचं ('श्री' हे त्यांचं नावच). राज्याच्या सिनेटमध्ये पक्षाच्या नेत्या राहिलेल्या ग्रेचेन व्हिटमर त्यांच्या खाली होत्या. रांग जागच्या जागी थांबली. पुऱ्यांची परात धरून उभी असलेली कॉलेजातली मुलगीसुद्धा वाकून बघायला लागली. "आपला माणूस गव्हर्नर होणार!" कोणीतरी मंडळाच्या माइकवरून मोठ्याने म्हणालं आणि हॉलभर टाळ्या पडल्या.

माझे डोळे भरून आले होते. माझं माहेर निपाणी. माझ्या लहानपणी चिकोडी हा आमचा तालुका, कोर्टाचं, जमिनीचं काही काम निघालं की वडील एसटीने चिकोडीला जायचे. श्री ठाणेदारांचा जन्म 1955 चा, त्याच चिकोडीतला. बेळगावात गरिबीत वाढलेला हा मुलगा भाभा अणुसंशोधन केंद्रात नोकरी करून 1979 मध्ये अमेरिकेत आला, अ‍ॅक्रन विद्यापीठातून रसायनशास्त्रात पीएचडी झाला, पुढे स्वतःची प्रयोगशाळा चालवून कोट्यधीश झाला. त्यांचं मराठी आत्मचरित्र इथल्या कितीतरी घरांत टीव्हीखालच्या कपाटात दिसतं, माझ्याही घरात आहे. असा माणूस, ज्याने तोवर एकही निवडणूक जिंकली नव्हती, तो मुरलेल्या राजकारण्यांना मागे टाकतोय हे वाचून उर भरून येणार नाही तर काय होईल?

हे पत्र त्या आनंदाविरुद्ध नाही. त्या आनंदानंतर एप्रिल ते ऑगस्ट आपण काय केलं आणि काय केलं नाही, त्याबद्दल आहे.

आधी ती आघाडी कशी आली ते बघू, कारण आपण त्या वेळी हे कोणी बघितलंच नाही. फेब्रुवारी 2018 मध्ये सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यादरम्यान मिशिगनमध्ये ठाणेदारांची जाहिरात लागली. त्यांचं नाव लोकांना उच्चारता येत नाही, यावरच ती बेतलेली होती. त्यानंतर त्यांच्या जाहिराती सतत टीव्हीवर होत्या. व्हिटमर आणि तिसरे प्रमुख उमेदवार, डेट्रॉइटचे माजी आरोग्य संचालक अब्दुल अल-सय्यद, तेव्हा टीव्हीवर जवळजवळ दिसत नव्हते. ठाणेदारांनी पूर्ण प्रचारात स्वतःच्या खिशातले एक कोटी डॉलरहून जास्त खर्च केले. प्रायमरीला चार महिने असताना फोनवर कोणी विचारलं की आज निवडणूक झाली तर मत कोणाला, तर लोक ओळखीचं नाव घेतात. ज्याचं नाव रोज संध्याकाळी बातम्यांच्या मध्ये ऐकू येतं, ते ओळखीचं होतं. त्या चाचण्यांनी मोजली ती बहुतांशी ही ओळख.

मी गाड्यांचे सुटे भाग तपासण्याच्या कामात पंचवीस वर्षं काढली आहेत. मोजमापाच्या शेजारी चूक किती असू शकते हे लिहिलेलं नसेल तर तो कागद आम्ही परत पाठवतो. राज्यातल्या प्रायमरीच्या चाचण्यांत अनेकदा चारशे-पाचशे मतदार विचारलेले असतात. चारशे लोकांच्या नमुन्यात चूक दोन्ही बाजूंना जवळजवळ पाच टक्के धरावी लागते. म्हणजे दोन-तीन टक्क्यांची आघाडी दिसली तर मागचा उमेदवार प्रत्यक्षात पुढेही असू शकतो. त्याहून महत्त्वाचा रकाना असतो "अजून ठरवलं नाही" म्हणणाऱ्यांचा. वसंतात तो भलामोठा असतो आणि उन्हाळ्यात तोच निकाल लावतो. आपल्या ग्रुपवर फिरणाऱ्या चित्रांत हा रकाना बहुतेक वेळा कापलेला असतो. मी मागे जाऊन तपासलं, माझ्याच फोनवर आलेल्या त्या चित्रात तो नव्हता. तसंच ते चित्र मी बेळगावला, पुण्याला, मेलबर्नला मावसभावाला पाठवलं होतं.

बाहेरच्या माणसाची अशी आघाडी विरून जातेच असंही नाही. पिझ्झा कंपनी चालवलेले हर्मन केन ऑक्टोबर 2011 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या रिपब्लिकन उमेदवारीच्या चाचण्यांत पहिल्या जागी गेले होते आणि डिसेंबर उजाडताच त्यांनी प्रचार थांबवला. डोनाल्ड ट्रम्प यांनी मात्र जून 2015 मध्ये उमेदवारी जाहीर केली, महिनाभरात चाचण्यांत पुढे गेले, आणि भल्याभल्या जाणकारांनी हा फुगा फुटणार म्हणून सांगितलं तरी ते उमेदवारी घेऊन बाहेर पडले. ब्रिटनमध्ये त्याच उन्हाळ्यात जेरेमी कॉर्बिन मजूर पक्षाच्या नेतेपदासाठी लागणारी 35 खासदारांची नावं मुदत संपायच्या शेवटच्या मिनिटांत कशीबशी गोळा करून उभे राहिले होते. जुलैत चाचणीने त्यांना पुढे दाखवलं तेव्हा स्वतः पक्षाला विश्वास बसेना, आणि सप्टेंबरमध्ये ते 59.5 टक्के मतांनी निवडून आले. फरक कुठे पडतो? माझ्या समजुतीप्रमाणे, आघाडीमागे दारोदार जाणारी, नोंदणी करून घेणारी, मतदानाच्या दिवशी रांगेत उभी राहणारी माणसं आहेत का, इथे पडतो. कॉर्बिन यांच्यामागे तीन पौंड भरून नाव नोंदवणारे हजारो लोक आले होते. आपण टाळ्या वाजवल्या होत्या.

तो उन्हाळा आठवा. शाळा जूनमध्ये सुटल्या आणि अर्धी मंडळी भारतात गेली. मिशिगनमध्ये तेव्हा मतदार नोंदणी निवडणुकीच्या तीस दिवस आधी बंद व्हायची, म्हणजे जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात. नुकतेच नागरिक झालेल्या आणि त्या एप्रिलमध्ये सगळ्यात मोठ्याने टाळ्या वाजवलेल्या दोन कुटुंबांची नोंदणीच झाली नव्हती. ते परत आले तेव्हा तारीख उलटून गेली होती. बाकी अनेक जण एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर होते, त्यांना मत नव्हतंच. पण त्यांना काय करता येतं हेही आपण कधी सांगितलं नाही. ग्रीन कार्डधारक प्रचाराला देणगी देऊ शकतो, एच-1बीवाला देऊ शकत नाही. बिनपगारी स्वयंसेवक म्हणून दोघेही काम करू शकतात. आणि नागरिक नसलेल्याने चुकूनही मतदार म्हणून नाव नोंदवलं तर पुढे नागरिकत्व मिळणं सोडाच, इथे राहणंसुद्धा धोक्यात येऊ शकतं. ही साधी तीन वाक्यं मंडळाच्या एकाही पत्रकात मी आजवर वाचलेली नाहीत.

7 ऑगस्टला निकाल लागला. व्हिटमर 52 टक्के, अल-सय्यद 30 टक्के, ठाणेदार जेमतेम 18 टक्के, म्हणजे सुमारे दोन लाख मतं. चिकोडीत जन्मलेल्या माणसाला परक्या देशातल्या दोन लाख लोकांनी गव्हर्नरपदासाठी मत दिलं, ही लहान गोष्ट नाही, आणि डेट्रॉइट शहरात तर त्यांना भरघोस मतं पडली. पण त्या रात्री आपल्या ग्रुपवर एक ओळसुद्धा आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कोणीतरी नारळीपौर्णिमेच्या सहलीचा कागद टाकला.

आता जे सांगते आहे ते मी मंडळात आजवर बोलले नाही. मी त्यांना मत दिलं नाही. मी व्हिटमरना दिलं. आमच्या राज्यातले रस्ते तुम्हाला ठाऊक आहेत. त्या मार्चमध्ये खड्ड्यात आपटून माझ्या गाडीचं चाक वाकलं होतं, आणि रस्ते नीट करा हे एक वाक्य व्हिटमर प्रत्येक सभेत सांगत होत्या. विधिमंडळात काम केलेला माणूस हे तडीस नेईल असं मला वाटलं. शिवाय ठाणेदारांबद्दल वर्तमानपत्रांत काही प्रश्न येत होते. त्यांच्या मालकीच्या औषधचाचणीच्या व्यवसायाचं 2010 मध्ये दिवाळं निघालं, तेव्हा न्यू जर्सीतल्या प्रयोगशाळेत शंभराहून अधिक बीगल कुत्री अडकून पडली होती. ताबा बँकेकडे गेला होता, असं त्यांचं म्हणणं. ते स्वतःला सगळ्यात पुरोगामी डेमोक्रॅट म्हणवत होते आणि 2008 मध्ये त्यांनी रिपब्लिकन उमेदवार जॉन मकेन यांना देणगी दिलेली होती. या प्रत्येकाला त्यांच्याकडे उत्तर असेलही. ते समाधानकारकही असेल. मला ते समोरासमोर ऐकायचं होतं, मराठीत ऐकायचं होतं. आपल्यातलाच माणूस, आपल्या हॉलपासून तासाभराच्या अंतरावर राहणारा. आपण बोलावलं असतं, खुर्च्या मांडल्या असत्या, आणि विचारलं असतं. मी एकदा हे सुचवलं तर एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "आपल्याच माणसाचे पाय कशाला ओढायचे?" मी गप्प बसले आणि मत देऊन आल्यावरही गप्प बसले.

प्रश्न विचारणं म्हणजे पाय ओढणं, हे मला मान्य नाही. तेव्हाही नव्हतं, फक्त बोलायचं धैर्य झालं नाही. मुलगी बघायला आलेल्या स्थळालासुद्धा आपण नोकरी कुठे, घर कोणाच्या नावावर, हे विचारतो, आणि ते स्थळ नात्यातलं असेल तर जास्तच विचारतो.

'आपला' या शब्दाचं आणखी एक टोक मला 2022 मध्ये दिसलं. ठाणेदार गव्हर्नर झाले नाहीत, पण खचलेही नाहीत. 2020 मध्ये ते डेट्रॉइटमधून राज्याच्या विधानसभेवर निवडून आले आणि 2022 मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहासाठी नऊ जणांच्या प्रायमरीत सुमारे 28 टक्के मतं घेऊन पहिले आले. नोव्हेंबरमध्ये जिंकून जानेवारी 2023 मध्ये त्यांनी शपथ घेतली. मला अभिमान वाटला, आजही वाटतो. पण ज्या डेट्रॉइटमध्ये बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय आहेत, त्या शहराला 1950 च्या दशकापासून पहिल्यांदाच कृष्णवर्णीय खासदार उरला नाही. चार्ल्स डिग्ज, जॉन कॉनियर्स अशा नावांची ती परंपरा होती, कॉनियर्स तर पन्नासहून अधिक वर्षं खासदार होते. माझ्याबरोबर काम करणारी डेट्रॉइटची एक बाई त्या निकालानंतर जेवणाच्या सुट्टीत मला म्हणाली, "तुमच्या लोकांना आनंद झाला असेल. माझ्या आईला मात्र आपल्या घरातलं कोणीतरी गेल्यासारखं वाटतंय." ती रागाने बोलली नाही. मला काय बोलावं सुचेना. बेळगावच्या बाजूच्या माणसाला तर हे कळायला हवं. आपली भाषा बोलणारा, आपलं दुखणं जाणणारा प्रतिनिधी असावा म्हणून आमच्याकडे पिढ्यान्पिढ्या निवडणुका लढवल्या गेल्या. त्या आईची भावना आणि माझ्या वडिलांची भावना एकच होती. तिच्याही शेजारी बसून बोलायला हवं होतं, मंडळ म्हणून, आणि आपला माणूस तिचं काम करतोय की नाही यावर लक्ष ठेवायला हवं होतं. तो खासदार आता तिचा आहे, आपला नंतर.

कार्यकारिणीकडून नेहमी येणारं उत्तर मला पाठ आहे: मंडळात राजकारण नको, नाहीतर करसवलत जाईल. यातलं अर्धंच खरं आहे. आपली बहुतेक मंडळं 501(सी)(3) या करसवलतीच्या कलमाखाली नोंदलेली आहेत आणि अशा संस्थेला कोणत्याही उमेदवाराला पाठिंबा देता येत नाही की विरोध करता येत नाही. पण कोणाचीही बाजू न घेता मतदार नोंदणी करता येते, मतदानाची माहिती देता येते, सगळ्या उमेदवारांना बोलावून प्रश्नोत्तरं ठेवता येतात. कायद्याने बंदी आहे ती "आपला माणूस गव्हर्नर होणार" असं मंडळाच्या माइकवरून सांगायला. म्हणजे जे चालत नाही ते आपण त्या शनिवारी केलं आणि जे चालतं ते केलं नाही. 2017 मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळाचं, म्हणजे इथल्या सगळ्या मंडळांच्या शिखर संस्थेचं, अधिवेशन याच राज्यात, ग्रँड रॅपिड्सला झालं. देशभरातून आलेल्या हजारो माणसांचं तीन दिवसांचं जेवण, राहणं, नाटकं, सगळं स्वयंसेवकांनी निभावलं. कोणाच्या पानात मीठ कमी पडू दिलं नाही. ज्यांना हे जमतं त्यांना एक मतदार नोंदणीचं टेबल जमणार नाही, असं मला कोणी सांगू नये.

आता काकूंचं सांगते. हे पत्र लिहायला बसले ते मुळात त्यांच्यामुळे.

आमच्या ओळखीतल्या या काकू 2018 मध्ये बहात्तर वर्षांच्या होत्या. आदल्याच वर्षी नागरिकत्वाची परीक्षा देऊन आल्या होत्या. शंभर प्रश्नांची उत्तरं स्वयंपाकघरातल्या कपाटांच्या दारांवर चिकटवून त्यांनी पाठ केली होती. भाजी निवडताना मला विचारायला लावायच्या. सिनेटर किती, घटनादुरुस्त्या किती, सगळं तोंडावर. त्या वेळी साठीच्या पुढच्यांना टपाली मतदान करता यायचं, म्हणून त्यांनी मतपत्रिका घरी मागवली. आयुष्यातलं अमेरिकेतलं पहिलं मत. देवापुढे ठेवून, डाव्या हाताने कागद दाबून धरून त्यांनी काळ्या पेनाने लांबट गोल भरले. श्री ठाणेदारांच्या नावापुढचा तर दोनदा घोटला.

आठवड्याने मी गेले तेव्हा कौतुकाने सांगायला लागल्या, "एकाच पक्षाचे सगळे घेतले नाहीत गं. इकडचे चांगले घेतले, तिकडचेही चांगले घेतले. कौंटीला उभा राहिलाय ना, तो आपल्या गल्लीतला, बर्फ काढून देतो मला. त्याला कसं नाही द्यायचं?" तो गृहस्थ रिपब्लिकन होता.

मिशिगनमध्ये प्रायमरीला पक्षाची नोंदणी लागत नाही. एकाच कागदावर पक्षांचे वेगवेगळे रकाने असतात, त्या वर्षी रिपब्लिकन, डेमोक्रॅटिक आणि लिबर्टेरियन असे तीन होते. कुठलाही एक निवडायचा, तुमचा कोणता हे कोणाला कळत नाही. पण दोन रकान्यांत खुणा केल्या की पक्षांच्या भागातली सगळी मतं बाद. मतदान केंद्रावर कागद मशीनमध्ये घातला तर मशीन सांगतं, नवा कागद मिळतो. टपालाने पाठवलेल्याला सांगणारं कोणी नसतं. वरच्या बाजूला सूचना छापलेली असते. काकूंनी ती वाचली असेल, पण प्रायमरी म्हणजे काय हेच ठाऊक नसेल तर "एकाच पक्षाच्या विभागात मत द्या" याचा अर्थ तरी काय लावायचा? त्या शंभर प्रश्नांत प्रायमरीची मतपत्रिका कशी भरायची हा प्रश्न नव्हता. तो विचारायचं काम माझं होतं. परीक्षेच्या दिवसांत मी रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जात होते.

मी त्यांना सांगितलं नाही. चहा घेतला आणि घरी आले. श्री ठाणेदारांना दोन वेळा घोटून दिलेलं ते मत मोजलं गेलं नाही, हे मला ठाऊक होतं आणि त्यांना नव्हतं. निकालानंतर त्या म्हणाल्या, "असू दे, आपण आपलं दिलं ना." मान हलवली मी. गेल्या महिन्यात त्यांना पहिल्यांदा खरं सांगितलं. बराच वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आणि किती जणींचं झालं असेल गं असं?"

2016 च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत हे राज्य अवघ्या 10,704 मतांनी ट्रम्प यांच्याकडे फिरलं होतं. काकूंसारख्या किती जणी असतील, मी मोजू शकत नाही. मंडळं मोजू शकतात, कारण सभासदांची यादी तुमच्याकडे आहे, वयासकट आणि फोन नंबरांसकट.

म्हणून माझी मागणी अशी. गणपती, दिवाळी, पाडवा, कुठलाही कार्यक्रम असो, दारातल्या हळदीकुंकवाच्या टेबलाशेजारी एक टेबल मतदारांचं असावं. नोंदणी, पत्ता बदल, टपाली मतपत्रिकेचा अर्ज. आता मिशिगनमध्ये कोणालाही कारण न देता टपाली मत देता येतं, मोठ्या निवडणुकांना नऊ दिवस आधीपासून केंद्रावर जाऊन देता येतं, नोंदणीही मतदानाच्या दिवसापर्यंत होते. इतर राज्यांतले नियम वेगळे आहेत, ते त्या त्या मंडळाने शोधून छापावेत, एक पान पुरे. उन्हाळ्याच्या सुट्टीत भारतात जाणाऱ्यांची मे महिन्यात यादी करून त्यांना प्रायमरीची तारीख सांगावी. आणि पुढच्या वेळी कोणी मराठी, किंवा कोणीही, चाचण्यांत अचानक पुढे दिसला तर त्याच्यासह सगळ्या उमेदवारांना एकाच पत्राने बोलावावं, एकाच घड्याळावर तेवढीच मिनिटं द्यावीत, आणि सभासदांनी आधी लिहून दिलेले प्रश्न विचारावेत. अवघड प्रश्न आधी घ्यावेत.

आमच्या मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमासाठी मी कार्यकारिणीला रीतसर अर्ज दिला आहे. टेबल माझं, छपाई माझी. शहरात निवडणुकीचं काम बघणाऱ्या सिटी क्लर्कच्या कार्यालयातून नमुना मतपत्रिका आणणार आहे, तीसेक प्रती काढेन, ज्येष्ठांसाठी मोठ्या अक्षरात. मराठीतून समजावून सांगायला काकू बसणार आहेत. त्यांनी आत्ताच विचारून घेतलंय, खुर्चीला पाठ आहे ना म्हणून.

आपली,
डेट्रॉइटच्या उपनगरातली एक मतदार आणि मंडळाची आजीव सभासद